रस्त्यावरचा मुतखडा

मुंबईच्या प्रयोगशाळेचा निर्वाळा असा होता, की चुडामण आबांच्या मूत्रपिंडातून काढलेला खडा हा प्रत्यक्षात रस्त्याला घालतात तो काळा दगड असून त्याला वरून चुना फासलेला आहे.

सुनंदानं हे सांगितलं तेव्हा पितांबर कानात काडी घालून बसला होता. त्यानं काडी बाहेर काढली.

"आबा कधी रस्त्यावर पालथे पडले होते का?" त्यानं विचारलं. "तोंड उघडं ठेवून?"

"भाऊजी," कुंदाबाई म्हणाल्या, "काडी परत घाला."

सन अठ्ठ्याऐंशीचा जानेवारी होता. जळगावात नव्या पेठेत सायकलच्या दुकानावर कुंदाबाईंची खोली होती आणि दारावर 'खाजगी चौकशी' अशी पाटी. खून वगैरे तिथे फारसे येत नसत. मुलींचे बाप यायचे, आणि स्थळ दारू पितं का, स्थळाचं आधी कुठे जमलेलं होतं का, हे कुंदाबाई शोधून काढायच्या. त्यांच्या हातून जिल्ह्यातली कितीतरी लग्नं मोडली होती आणि त्याबद्दल लोक त्यांना दुवा देत.

पितांबर हा त्यांच्या मयत नवऱ्याचा धाकटा भाऊ. पूर्वी होमगार्डमध्ये होता, आता लुना चालवायचा आणि वहिनींना मागे बसवायचा. त्याची एक खोड होती. कुणाचीही चौकशी सुरू झाली, की हे आपणच केलं असावं असं त्याला वाटायला लागे. शाळेत गुरुजींनी "खिडकी कुणी फोडली?" असं विचारलं की तो उभा राहायचा, पुष्कळदा तर खिडकी दुसऱ्या शाळेची असायची.

सुनंदा पंचविशीची होती. चार वर्षांपूर्वी धरणगावजवळच्या एका गावात, चुडामण आबांच्या तोतारामला दिलेली. आता ती शिंदखेड्याला माहेरी होती, आणि स्वतःच्या मर्जीनं नव्हती.

"दोन वर्षांपूर्वी आबांचं ऑपरेशन झालं, धुळ्याला," ती म्हणाली. "उजव्या बाजूचा खडा काढला. तो बाटलीत घालून शोकेसमध्ये ठेवला होता. आता दिवाळीनंतर डाव्या बाजूला दुसरा निघाला. सासूबाई म्हणाल्या, ही रोज भरीत करते, वांग्याच्या बिया साठून खडा होतो, सुनेनंच सासऱ्याच्या पोटात दगड घातला. ह्यांनी मला एस.टी.त बसवून दिलं."

"तोताराम काय म्हणाला?"

"म्हणाला, खिडकीजवळ बस."

कुंदाबाईंनी मान हलवली.

"मी गेल्यावर डॉक्टरांनी जुना खडा तपासायला मागितला. ह्यांनी बाटली नेऊन दिली, आणि मुंबईहून हे असं आलं. आता म्हणतात, मीच जायच्या आधी खडा बदलला. तसं त्या घरात काही झालं की माझंच नाव. ऑपरेशननंतरच्या महिन्यात गुळाची अख्खी भेली संपली, तेव्हाही मीच चोरून खाल्ली म्हणे. आणि आता तर करणीसुद्धा मी करते."

"करते का?" पितांबरनं विचारलं. धंद्यात विचारावं लागतं.

सुनंदानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "अक्का, भाऊ म्हणतो शनिवारी चार माणसं बोलावू आणि सोडचिठ्ठी घेऊन टाकू. तिकडे सोमवारी आबांचं ऑपरेशन आहे. त्या घराची चौकशी तुम्हीच केली होती. माझ्या भावाला म्हणालात, माणसं चांगली आहेत, डोळे झाकून द्या." ती थांबली. "मी झाकूनच गेले."

मोडलेल्या लग्नांची कुंदाबाईंना कधी रुखरुख वाटली नव्हती. हे एक जुळवलेलं होतं.

"लुना काढा, भाऊजी," त्या म्हणाल्या.

धुळ्यापर्यंत लुना नेण्याचा बेत पारोळ्यालाच लुनानं हाणून पाडला. पुढे ते एस.टी.नं गेले.

धुळ्याचे डॉक्टर तरुण होते आणि बरेच दिवस झोपलेले दिसत नव्हते.

"बाटली मेणानं बंद होती," ते म्हणाले. "आत कापसात पांढरं काहीतरी दिसलं. मी न उघडता पाठवली. आता मुंबईचे लोक मला विचारतात, पेशंट रस्त्याच्या कामावर होता का? आणि खरं म्हणजे तो खडा मी दोन वर्षांपूर्वीच पाठवायला हवा होता. आल्याच्या कुडीएवढा होता, तसेच फाटे फुटलेला. पण आबा शुद्धीवर आले ते खडा मागतच आले. रुमालात बांधून घेतला. मी म्हटलं, जाऊ दे. चूक माझी."

पितांबरला फार बरं वाटलं. त्याच्याखेरीज कुणीतरी चूक कबूल केली होती.

"वांग्याच्या बियांनी खडा होतो?" कुंदाबाईंनी विचारलं.

"बिया आतड्यातून जातात आणि निघून जातात. मूत्रपिंडाकडे त्यांना रस्ताच नाही. काही खडे खाण्यापिण्याशी, कमी पाणी पिण्याशी जोडलेले असतात, हे खरं. पण काही खडे जंतू बनवतात."

"जंतू? दगड?" पितांबर म्हणाला.

"गवंडी समजा. लघवी एरवी थोडी आंबट असते. हे जंतू तिच्यातला युरिया फोडून अमोनिया करतात. मग ती साबणाच्या पाण्याच्या जातीची होते. एरवी विरघळून राहणारे क्षार तिच्यात गोठतात आणि खडा भराभर वाढतो. जंतू त्या खड्याच्या आतच राहतात, तिथे औषध पोचत नाही. म्हणून खडा कणन्‌कण काढायचा आणि पुढे बराच काळ गोळ्या घ्यायच्या. नाहीतर उरलेले गवंडी नवं काम काढतात."

"आबांच्या लघवीत जंतू आहेत?"

"आहेतच. पण जंतूंनी खडा बांधला, की खडा आधीच होता आणि जंतू मागून राहायला आले? ते जुना खडाच सांगेल. दुसरी अडचण त्याहून मोठी. मागच्या वेळी मी मोठा डबाभर कॅप्सूल दिल्या होत्या. घरचे सांगतात, डबा संपवला. म्हणजे ते औषध हरलं. आता मला जालीम इंजेक्शनं द्यावी लागणार, आणि ती मूत्रपिंडालाच बाधू शकतात. त्यांचं उजवं आधीच थकलेलं आहे."

"आणि कॅप्सूल पोटात गेल्याच नसतील तर?"

डॉक्टरांनी डोळे चोळले. "तर कदाचित तेच साधं औषध पुरेल. पण औषध हरलं की मैदानातच उतरलं नाही, हे कुठलीही तपासणी सांगत नाही."

"खडा मागितलात तेव्हा समोर कोण होतं?"

"आबा, बायको, मुलगा. आणि गावातला एक काढेवाला, धनसिंग. मी सगळ्यांसमोर म्हटलं, दोष ताटातला की औषधातला, ते खडा आणा म्हणजे कळेल."

बाहेर आल्यावर पितांबर म्हणाला, "वहिनी, मला वाटतं जंतूंनीच खडा पळवला. पुरावा नष्ट करायला."

कुंदाबाई चालत राहिल्या.

गावात नवा रस्ता होत होता. आबांच्या दारासमोरच खडीचा ढीग होता, आणि त्यातला प्रत्येक दगड पितांबरला संशयित वाटला.

पहिल्या वच्छलाबाई बोलल्या, आबांची बायको. अंगानं किरकोळ, आवाजानं नाही. त्यांनी पाहुण्यांना ओट्यावर बसवून चहा आणला. गोठ्याकडे बाजेवर बसलेल्या आबांना वेगळा पेला गेला, काळाभोर.

"त्यांना बिनसाखरेचा?" कुंदाबाईंनी विचारलं.

"यांले गोड चालतच नई, बैन. साखर नई, गूळ नई. लगीनमा जिलबी वाढी, तर मन्हा ताटमा टाकी दिन्ही."

"खड्याची बाटली कुठे असायची?"

वच्छलाबाईंनी आतली शोकेस दाखवली. कपबशा, प्लॅस्टिकचा ताजमहाल, आणि मधोमध एक रिकामी गोल जागा. किल्ली त्यांच्या कमरेला होती.

"किल्ली कुणाला देता?"

"कोनलेच नई. या मागतंस तेव्हढं," त्यांनी आबांकडे हात केला. कुणी पाहुणा आला की आबा किल्ली घेत आणि खडा काढून दाखवत. लोक लांबून बघायला येत. डॉक्टरांनी खडा मागितला त्याच आठवड्यात लेकीच्या सासरचे, पाचोऱ्याचे व्याही मुद्दाम त्यासाठी आले होते. पण आबा म्हणाले, आज कंबर दुखते, खडा पुन्हा कधी. व्याही रुसून जेवले.

"आणि करणीचं काय म्हणता?"

वच्छलाबाईंचा आवाज खाली आला. डाव्या कुशीत दुखायला लागल्यापासून त्या आबांच्या कमरेला हळदीचा लेप बांधत. आबांचं धोतर हल्ली अधूनमधून ओलं होई. म्हातारं माणूस, कुणी बोलत नसे. "सकाये सोडं, तर खालनी हळद लाल! कुंकूसारखी, माय! वरनी पिवळी ती पिवळी. सूननी करनी नई तर काय?"

"सून तेव्हा इथे होती?"

"नई. शिंदखेडाथीन करी व्हई."

"तुम्हाला काय वाटतं, खडा कशामुळे झाला?"

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्या म्हणाल्या, की पहिल्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी देवीला चांदीचा डोळा बोलला होता आणि अजून वाहिला नव्हता. सुनेचं नाव घेताना त्यांना रोज तो डोळा दिसायचा. पण एकदा तोंडातून वांगं निघालं ते निघालं.

कुंदाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

तोताराम विहिरीवर सापडला. तिशीचा, सरळ चेहऱ्याचा, अकरावी झालेला. सुनंदाचं नाव निघताच तो नसलेलं तण उपटू लागला.

"बाटली बंद कुणी केली?"

"मीच, अक्का. शोकेसमधून आईनं काढून दिली, मी झाकणाला मेण लावलं, थेट धुळ्याला. आत मी बघितलं नाही. मला त्या खड्याकडे बघवत नाही."

"का?"

"बोअर मी खणली. पाणी जड लागलं, भांड्यावर पांढरं बसतं. त्याच पाण्यानं आबांना खडा झाला, मला माहीत आहे." त्याचे डोळे भरले. "मला वाटलं मुंबईवाले 'बोअर' असं लिहून पाठवतील. तरी मी नेला. तिला तरी घरी आणता आलं असतं."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

तोतारामनं आणखी एक तण उपटलं. "आई बोलत होती ना."

पितांबरला त्याच्याबद्दल इतकी कणव आली, की बोअर आपणच खणली असं सांगावं असं क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं.

"ऑपरेशननंतर आबांनी कॅप्सूल नीट घेतल्या?"

"हो तर. डबा मी स्वतः रिकामा पाहिला. त्या महिन्यात आबा गोठ्यातच झोपायचे. हौश्या आजारी होता, आमचा बैल. गळा सुजलेला, ताप. जनावरांचा डॉक्टर बहिणीच्या लग्नाला गेला होता, तो आलाच नाही. आम्ही आशा सोडली होती. पण आबांनी रात्रंदिवस त्याला हातानं भरवलं आणि बैल उठला. मायेनं उठला, अक्का."

धनसिंग पारावर बसला होता, कुळथाचा काढा देऊन खडे पाडणारा. तोंडात पान, पुढ्यात काचेची पेटी, आणि पेटीत कापसावर मांडलेले बावीस खडे, प्रत्येकाखाली पाडणाऱ्याचं गाव.

पितांबरनं वहिनींना कोपरानं ढोसलं. पान होतं, म्हणजे चुना होता. पेटीत बरोब्बर मधे एक जागा रिकामी होती.

"ही जागा कुणाची?" कुंदाबाईंनी विचारलं.

"आबांच्या खड्याची," धनसिंग सरळ म्हणाला. "दोन वर्षं मागतोय. म्हटलं, एवढा खडा पेटीत असला तर नंदुरबारपासून लोक येतील. देत नाहीत."

"म्हणून घेतला?"

"मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत जात नाही, बाई. वच्छलाक्का काढा ओट्यावरच घेतात."

कुंदाबाईंनी पेटीतला एक खडा उचलला. गुळगुळीत, पांढुरका, हुबेहूब. त्यांनी तो उन्हात धरला आणि मग धनसिंगकडे नुसतं बघितलं. स्थळांचे आजवर हजार चेहरे त्यांनी असेच बघितले होते.

धनसिंगचं पान तोंडातच थांबलं. "गिरणेचे आहेत," तो पुटपुटला. "सगळे. नदीतून वेचलेले. पण काढा खरा आहे! बाई, गावात सांगू नका. आबांना दुसरा खडा झाला तेव्हापासून मला झोप नाही. वाटतं, माझ्याच काढ्यानं झाला."

"चौथा," पितांबर वहिनींच्या कानात म्हणाला. डॉक्टर धरून चूक आपलीच म्हणणारी चार माणसं झाली होती. इतका लोकप्रिय गुन्हा त्यानं पाहिला नव्हता.

शेवटी आबा. सत्तरीचे, उंच, पांढऱ्या मिशांचे. गोठ्याजवळच्या बाजेवर ते तंबाखू मळत होते. बोटानं डबीतला चुना घेतला, मळला, आणि खायचं विसरून तळहाताकडे बघत राहिले. शेजारी हौश्या उभा होता, शिंगांना रंग, गळ्यात नारळाएवढी पितळी घंटा. माश्या फार होत्या आणि बैल सारखी मान झटकत होता. पितांबरला त्याचं कौतुक वाटलं. इतक्यांदा मान हलवूनही घंटेचा आवाज म्हणून होऊ देत नव्हता. जनावर असावं तर असं, घरात आजारी माणूस आहे हे समजणारं.

"आबा, कॅप्सूल घेतल्या होत्या ना सगळ्या?" कुंदाबाईंनी विचारलं.

"डबा रिकामा व्हई गया," आबा म्हणाले.

"सुनेचं भरीत आवडायचं?"

आबांची मिशी हलली. "तिना हातले चव शे," ते म्हणाले आणि तोंड बैलाकडे केलं.

"ऑपरेशनची भीती वाटते?"

"नई. मरन उनं तं बरं."

कुंदाबाई उठल्या. फाटकापाशी त्यांनी मागे वळून एकदा बैलाकडे पाहिलं. "भाऊजी, उद्या सकाळी शिंदखेड्याहून सुनंदाला घेऊन या. आणि धनसिंगलाही बोलवा."

"धनसिंग पेटीसकट?"

"पेटी राहू द्या."

दुसऱ्या दिवशी ऊन ओट्यावर आलं तेव्हा सगळे जमले होते. वच्छलाबाई दारात, तोताराम खांबाला टेकून, धनसिंग उंबऱ्याच्या नेमका बाहेर. आबांची बाज आणली होती. सुनंदा डोक्यावर पदर घेऊन पायरीवर बसली होती. सासर की माहेर हे न ठरलेल्या माणसासारखी, पायरीवर. तोतारामनं तिला पाणी आणून दिलं. ती प्यायली नाही, पण तांब्या खालीही ठेवला नाही.

"खडा कुणी बदलला ते आधी बघू," कुंदाबाई म्हणाल्या. "सुनंदानं नाही. डॉक्टरांनी खडा मागितला तेव्हा ती गावात नव्हती, आणि त्याआधी तो बदलायचं तिला कारण नव्हतं. वच्छलाबाईंनी नाही. वांग्याचा दोष निघावा म्हणून खडा मुंबईला जाण्याची सगळ्यात घाई त्यांनाच होती."

वच्छलाबाईंनी खाली पाहिलं.

"तोतारामनं नाही. त्याला खडा नकोच असता तर बाटली एस.टी.त विसरता आली असती. कशाला खडी, कशाला चुना? राहिला धनसिंग. त्याला खडा हवा होता. पण ज्याच्याकडे..." त्या थांबल्या. धनसिंगनं हात जोडले होते. "ज्याला दगडांची इतकी पारख आहे, तो याहून चांगला दगड ठेवेल. काळी खडी आणून तिला चुना फासणार नाही."

धनसिंगनं आयुष्यात इतकं मोलाचं प्रशस्तिपत्र ऐकलं नव्हतं.

"मग कोण?" पितांबरनं विचारलं. हात आपोआप वर जात होता, तो त्यानं मांडीखाली दाबला.

"किल्ली एकाच माणसाला मिळायची. तो माणूस दोन वर्षं येईल त्याला खडा दाखवायचा. डॉक्टरांनी मागितल्यावर एकदम दाखवायचा थांबला. पाचोऱ्याच्या व्याह्यांनाही नाही. कारण तेव्हा बाटलीत दारासमोरची खडी होती, त्याच्या डबीतल्या चुन्यानं रंगवलेली."

आबा तळहाताकडे बघत होते.

"आबांनी स्वतःचाच खडा चोरला?" तोताराम म्हणाला. "कशासाठी?"

"डॉक्टर म्हणाले होते, दोष ताटातला की औषधातला, ते खडा सांगेल. या घरातल्या सगळ्यांना ताटाची भीती होती, पाण्याची होती, नवसाची होती, काढ्याची होती. औषधाची भीती एकालाच होती." कुंदाबाई वच्छलाबाईंकडे वळल्या. "हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

"लाल व्हस," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"डॉक्टरांनी सांगितलं, खडा बांधणारे जंतू लघवीला साबणाच्या पाण्याच्या जातीची करतात. लेप जिथे ओला झाला तिथेच लाल झाला. करणी शिंदखेड्याहून झाली नाही. जंतूंनी केली, घरातल्या घरात. खडा त्यांचाच. पण ते जंतू दोन वर्षांपूर्वीच डबाभर कॅप्सूलनी मरायला हवे होते. डबा तर संपला. आणि त्याच महिन्यात गुळाची भेली संपली."

"सुनंदानं..." तोतारामनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"आबा गूळ खात नाहीत. पण गुळाच्या गोळ्यात घालून दिलं की काहीही खाणारा एकजण त्या महिन्यात आजारी होता. डॉक्टर नव्हता, आशा नव्हती. आबा त्याच्याजवळ झोपायचे आणि त्याला हातानं भरवायचे."

सगळ्यांनी हौश्याकडे पाहिलं. हौश्यानं मान झटकली.

"कॅप्सूल बैलाला?" पितांबर ओरडला.

"बैल त्यांनी बरा झाला की आपला आपण, ते बैलालाच ठाऊक. भाऊजी, ती घंटा वाजत का नाही?"

"सभ्य बैल आहे म्हणून."

"हात घालून बघा."

पितांबरनं भीत भीत घंटेत हात घातला. आत फडकं कोंबलेलं होतं. फडक्यात रुमाल होता, आणि रुमालात आल्याच्या कुडीसारखा, मळकट पिवळा, फाटे फुटलेला, एका टोकाला भुगा झालेला खडा. घंटा 'ठण्‌' करून वाजली आणि बैल स्वतःच दचकला.

"टाकाले गऊ," आबा म्हणाले. त्यांनी विहिरीच्या दिशेनं मान वळवली. "दोनदा विहीरवर गऊ. हात नई उना."

ते हळूहळू बोलत राहिले. ऑपरेशननंतर दुखणं थांबलं होतं. खडा बाहेर, म्हणजे रोग बाहेर, असं त्यांना वाटलं. बैल समोर मरत होता. पोरानं एवढं औषध आणलेलं, ते बैलाला घातलं हे सांगायची लाज वाटली. मग डाव्या बाजूला दुखायला लागलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत वच्छलाबाईंनी वांग्याचं नाव घेतलं. त्या दिवशी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड झालं. सुनेला एस.टी.त बसवून तोताराम परत आला त्या दिवशी तर बोलायचं राहूनच गेलं. मग खडा मुंबईला जाणार असं ठरलं.

"आणि इंजेक्शनं?" कुंदाबाईंनी विचारलं. "औषध हरलं असं समजून डॉक्टर सोमवारी जालीम इंजेक्शनं देणार होते. तुमचं मूत्रपिंड गेलं असतं."

"जाऊ देतू," आबा म्हणाले. "मी तं त्याच लायकना."

मग ते उठले. बाजेपासून पायरीपर्यंत चार पावलं होती, त्यांना फार वेळ लागला. सुनंदासमोर त्यांनी टोपी काढली. त्या घरात सुनेसमोर कुणी टोपी काढली नव्हती, आणि ती काढल्यावर हातात कशी धरायची हे त्यांना कळेना.

"सूनबाई, मना गुन्हा शे. तुना काहीच नई. बठ्ठा मना. घर चाल."

सुनंदा जमिनीकडे बघत होती. "तुम्हाला माहीत होतं, आबा," ती म्हणाली. "त्यांना कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला होतं. एस.टी.ला निघाले तेव्हा मी तुमच्या पाया पडले. तुम्ही आशीर्वाद दिलात."

सुनंदानं तांब्या खाली ठेवला आणि ती भावाकडे निघून गेली. तोताराम तिच्यामागे फाटकापर्यंत गेला, थांबला, आणि मग पहिल्यांदाच आईला न विचारता पुढे गेला. एस.टी.त ती खिडकीजवळ बसली होती. तो उभाच राहिला, शिंदखेड्यापर्यंत.

शनिवारी माणसं जमलीच नाहीत. भावाला कुंदाबाईंनी स्वतः जाऊन सांगितलं, की मागची चौकशी अर्धवट होती, आता पुरी झाली आहे, पुढचं सुनंदाला ठरवू द्या.

सोमवारी ऑपरेशन झालं. घंटेतला खडा खरोखरच जंतूंचा निघाला. डाव्या बाजूचाही त्याच जातीचा. डॉक्टरांनी जालीम इंजेक्शनं टाळली आणि जुन्याच कॅप्सूलचा नवा डबा दिला.

पितांबर आणि कुंदाबाई धुळ्याला भेटायला गेले तेव्हा आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. वच्छलाबाई उशाशी होत्या, हातात कॅप्सूल आणि पाणी.

"सकायपासून घेत नई," त्या म्हणाल्या. "म्हनतंस, मन्हा हातनं नको. कोनाच हातनं नको."

दार लोटून सुनंदा आत आली. मागे तोताराम, हातात तिची पिशवी. डोक्यावरचा पदर तिनं सावरला, सासूच्या हातातून कॅप्सूल घेतली आणि पलंगाशी उभी राहिली.

"आबा."

आबा वळले. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी कॅप्सूल तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला, आणि मान हलवली.

सुनंदा हलली नाही.

"आ करा," ती म्हणाली.

सून सासऱ्याच्या डोळ्याला डोळा देत नसे अशा घरातला तो म्हातारा होता. वच्छलाबाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आबांनी आ केला. सुनंदा वाकली, गालांच्या आत बघितलं, मग म्हणाली, "जीभ वर."

आबांनी जीभ वर केली.

"हा डबा संपेपर्यंत मी इथे आहे," तिनं सांगितलं. "घराचं नंतर बोलू." आणि स्टूल ओढून ती पलंगाशी बसली.

आबांनी तोंड मिटलं नव्हतं. अजून कुणी मिटा म्हणालं नव्हतं.